इंजिनाला पाणी पाजलं तो दिवस

छावणीकडं जाताना एका सरकारी कचेरीपुढं बाग आहे. कुठल्या खात्याची ते सांगत नाही, उगी कुणाच्या पोटात दुखायला नको. त्या बागेत मधोमध एक लोखंडी खांब उभा केलाय, वरून वाकलेला. त्याला लालभडक रंग दिलाय, भोवतीनं झेंडू लावलाय आणि खाली पाटी ठोकलीय की वाफेच्या इंजिनांना पाणी देणारा हा जुना ठेवा आहे. परवा सुनेबरोबर तिकडून येत होते. ती थांबली, मोबाईल काढला आणि म्हणाली, "आई, किती छान जपलंय ना!"

"डोंबलाचं जपलंय," मी म्हटलं. पोरगी दचकलीच. तिचं काय चुकलं म्हणा, ती पुंडलिकनगरात वाढलेली, नळाला पाणी उशिरा आलं की बोटं मोडणारी. पण माझं डोकं सणकलं ते सणकलंच. हा खांब आमच्या स्टेशनातून कापून आणलेला आहे. त्याच्या मानेला एक पोचा होता, तो रंगाखालून अजून दिसतो. इंजिनांना पाणी देणारा म्हणे! इंजिनं प्यायची तेवढं यांना दिसलं. इंजिन गेल्यावर त्याच्याखाली कोण उभं राहायचं ते कुणाला दिसलं नाही. म्हणून सांगते. सांगितल्याशिवाय माझं पित्त काही उतरायचं नाही.

मुकुंदवाडी सोडून रुळाच्या कडंनं पूर्वेला निघालं की आमचं गाव. आता ते शहराच्या पोटात गेलंय, पण तेव्हा मधे ज्वारीची रानं होती आणि रानांच्या पलीकडं कारखान्यांची धुराडी नुकती उभी राहत होती. गाव वरच्या अंगाला, स्टेशन मधे आणि आमची वस्ती रुळाच्या खालच्या बाजूला. आम्ही बौद्ध. आज्याच्या पिढीनं दीक्षा घेतली होती, घरात देव नव्हते, भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि वस्तीत शिकलेल्या पोरांची संख्या गावापेक्षा जास्त होती. पाणी मात्र नव्हतं. विहीर गावात.

त्या विहिरीची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या बायांनी घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्यांखाली उभं राहायचं. वर चढायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. गावातल्या बाया पाणी भरायच्या, आणि आम्ही खालून म्हणायचं, "पाणी वाढा वो माय." कुणाच्या मनात आलं तर तिनं आपला पोहरा उंच धरून वरूनच आमच्या घागरीत धार सोडायची. निम्मं घागरीत, निम्मं अंगावर. नाही मनात आलं तर उन्हात उभ्या राहा. कायदा काय म्हणतो ते आम्हालाही माहीत होतं आणि गावालाही माहीत होतं. पण कायदा कचेरीत राहायचा आणि विहीर गावात होती.

मेंढरंवाल्यांच्या घरची एक म्हातारी होती. तिचं घर विहिरीला लागूनच. तिच्याबद्दल सगळी वस्ती चांगलं बोलायची, अजून बोलते. आमच्यातली बाई उभी दिसली की ती हातातलं काम टाकून यायची, पदर खोचायची आणि घागर भरेपर्यंत ओतायची. "उन्हाचं कुठवर उभ्या राहता गं पोरींनो," म्हणायची. माझ्या मायवर तिचा लई जीव. मायच्या बाळंतपणात तिनं मेंढीचं दूध पाठवलेलं, तेही खरं. मला मात्र लहानपणापासून तिचा राग यायचा आणि का येतो ते कळायचं नाही. कॉलेजात गेल्यावर कळलं. ती ओतायची, पण वरूनच ओतायची.

आता त्या खांबाकडं येते. छोट्या लाईनची वाफेची गाडी आमच्या स्टेशनात पाणी घ्यायला थांबायची. नदीवरून पंपानं पाणी उंच टाकीत यायचं आणि टाकीतून या खांबात. आम्ही त्याला सोंड म्हणायचो. फायरमन इंजिनामागच्या डब्यावर चढायचा, सोंड ओढून डब्याच्या तोंडावर आणायचा आणि धो धो पाणी सोडायचा. इंजिनाचं पोट भरलं की सोंड बाजूला फिरवायची, तरी तिच्यातून बराच वेळ पाणी पडत राहायचं. ते पडणारं पाणी आमचं. घागरी, कळश्या, तेलाचे डबे, जे असेल ते घेऊन वस्तीतल्या बाया तिथं उभ्या. तिथं कुणी वाढायचं नव्हतं, कुणाला माय म्हणायचं नव्हतं. आपल्या हातानं घागर लावायची आणि आपल्या हातानं उचलायची.

एक डायवर होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. शहरातलाच, जुन्या मोहल्ल्यातला. दाढी कोळशानं काळी की मुळातच काळी, ते कधी समजलं नाही. तो आपल्या फायरमनला ओरडायचा, "अबे, चक्की पूरी बंद नक्को कर, बायां खडे हैं." फायरमनही हसत हसत पाण्याचं चाक थोडं सैल ठेवायचा. कधी थंडीत इंजिनाचं कढत पाणीही बादलीत सोडायचा, बाळंतिणीसाठी. त्याच्यापुढं कुणी हात जोडलेले मी पाहिले नाहीत, आणि तोही उपकार केल्यासारखा वागला नाही.

आणि मग नामांतराचं पेटलं. विद्यापीठाला बाबांचं नाव द्या, एवढंच मागणं होतं. आमच्या वस्तीतले गडी मोर्च्यांना जायचे, सत्याग्रह करून जेलात जायचे, माझा बाप दोनदा जाऊन आला. नाव द्यायचं होतं शहरातल्या विद्यापीठाला, ज्याची पायरी गावातल्या बहुतेकांनी पाहिली नव्हती. पण गावाच्या अंगाचा असा तिळपापड झाला की बोलायची सोय नाही. बहिष्कार टाकला. पिठाच्या गिरणीत दळण बंद, दुकानात मीठ-मिरची बंद, शेतात काम बंद. आणि विहिरीवर वरून ओतायचं होतं, तेही बंद. माय घागर घेऊन गेली तेव्हा कट्ट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "नाव पाहिजे ना तुम्हाला? मग नावच प्या की!" बाकीचे खी खी हसले. मेंढरंवाली म्हातारी दारात उभी होती. ती हसली नाही, पण पोहराही उचलला नाही. आत गेली.

माय तशीच रिकामी घागर घेऊन परत आली. त्या दिवशी तिनं चुलीपुढं भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली. त्या दिवसापासून वस्तीचं पिणं, रांधणं, धुणं, सगळं त्या सोंडेवर.

आमच्या वस्तीच्या मागून कारखान्यांचा पाण्याचा पाईप गेला होता, माणूस आत वाकून चालेल एवढा जाड. धरणाचं पाणी थेट कारखान्यांना. रात्रंदिवस पाणी आतून पळायचं. उन्हाळ्यात पोरं त्याला गाल लावून बसायची, गार लागतो म्हणून. आमच्या वस्तीतले गडी त्याच कारखान्यांत पोती उचलायचे. पाईपाला तोटी लावा म्हणून किती जणांना भेटलो! प्रत्येक जण म्हणायचा, हे आमच्याकडं नाही, त्यांच्याकडं जा. विकास की काय म्हणतात तो आमच्या पाठीमागून गेला, आणि आम्ही त्याला कान लावून बसलो. चीड येणार नाही तर काय होईल?

मग एक दिवस स्टेशनमास्तर म्हणाले की वाफेची इंजिनं बंद होणार. डिझेल येणार, हळूहळू लाईनही मोठी होणार. कोळसा नको, राख नको, धूर नको. वस्तीतल्या बायांनी आधी आनंदच केला, कारण वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची ती जाईल. मी कॉलेजातून आले तर या चालल्यात हसत. मी म्हटलं, "अगं बायांनो, डिझेलच्या इंजिनाला पाणी लागत नाय असं. पंप बंद होईल. टाकी बंद होईल." माय म्हणाली, "व्हय का?" आणि तशीच मास्तरकडं गेली.

मास्तर माणूस वाईट नव्हता, पण त्याला कणा नव्हता. "बाई, मी वर कळवतो," म्हणाला. माय पुन्हा गेली, पुन्हा तेच. वर म्हणजे कुठं ते काही आम्हाला कधी दिसलं नाही. एक नळ मागत होतो. इंजिनाला डबाभर पाणी देणाऱ्या रेल्वेला वस्तीला एक नळ जड झाला.

शेवटच्या वाफेच्या गाडीचा दिवस ठरला. आणि काय थाट! रेल्वेचे कुणी मोठे साहेब आमच्या स्टेशनात येणार, इथून इंजिनात बसून शहरापर्यंत जाणार, तिथं बँड आणि पेपरवाले. आमचं स्टेशन का, तर इथं मोकळं रान आहे, फोटो छान येतात. सरपंचानं सगळी व्यवस्था अंगावर घेतली. कमान, केळीचे खुंट, पताका, आरतीचं ताट. वस्तीला कुणी बोलावलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्याच दिवशी शहरात नामांतराचा मोर्चा होता. आमचे गडी पहाटेच निघून गेले. वस्तीत राहिल्या बाया, लेकरं आणि म्हातारी माणसं. आदल्या दिवशी मास्तरनं सांगितलं होतं की उद्यापासून पंप बंद, म्हणून बायांनी आदल्या गाडीला होतं नव्हतं ते भांडं भरून ठेवलं होतं. रांजण, हंडे, पिंपं, पार परातीसुद्धा. काटकसर केली तर चार-सहा दिवस निघाले असते. पुढचं पुढं बघू, असं म्हणत होतो, पण पुढं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी गाडी आली. इंजिन पुसूनपासून चकचकीत केलेलं, पुढं झेंडूची तोरणं. चाचाच चालवत होता, त्याचाही नोकरीचा तो शेवटचा दिवस. आम्ही रुळाच्या अलीकडं उभ्या राहून बघत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी नारळ फोडला, कुणीतरी भाषण सुरू केलं. तेवढ्यात फायरमन डब्यावर चढला, सोंड ओढली, चाक फिरवलं. दोन थेंब पडले. नुसतेच दोन थेंब, आणि मग फुस्स.

झालं काय होतं, ऐका. पंप आजपासून बंद, असा हुकूम. मास्तरनं हुकूम पाळला, सकाळीच पंप बंद करून टाकला. इंजिन दुपारी येणार, ते पाणी पिणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. टाकीत पाणी होतं, ते पुरेल असं त्याला वाटलं. आणि टाकीतलं पाणी सरपंचाच्या माणसांनी सकाळपासून खाली सोडून घेतलं. कशाला? सडा मारायला! साहेबांच्या बुटांना धूळ लागू नये म्हणून फलाट धुतला, अंगण भिजवलं, स्टेशनापासून गावापर्यंतचा रस्ता चिखल होईस्तोवर भिजवला. इंजिनाला निरोप द्यायच्या नादात इंजिनाचंच पाणी धुळीला पाजलं. गाढवपणाला शिंगं असतात का?

चाचा बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघून खाली उतरला आणि मास्तरवर असा कडाडला की भाषण करणारा थांबला. मागच्या स्टेशनातला पंप आधीच बंद झाला होता, तो आमच्या टाकीच्या भरवशावर आला होता. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की आग काढून टाकावी लागते, नाहीतर बॉयलर फुटतो, एवढं आम्हालाही माहीत होतं. आग काढली की इंजिन मेलं. मग डिझेल बोलवायचं, आणि त्यानं शेवटच्या वाफेच्या इंजिनाला मढ्यासारखं ओढत शहरात न्यायचं. बँडपुढं. साहेबांचा चेहरा पडला.

शहर फार लांब नव्हतं. तिथल्या मोठ्या स्टेशनात पाणी होतं. तिथवर पोचण्यापुरतं पाणी मिळालं तरी भागणार होतं. गावची विहीर लांब, आणि उन्हाळ्याचं पाणी तळाला गेलेलं. सगळ्यांच्या माना हळूहळू आमच्या वस्तीकडं वळल्या. तिथं दारोदार भरलेली पिंपं उन्हात दिसत होती.

मास्तर आला. सरपंच त्याच्याबरोबर आला, पण रुळाच्या पलीकडंच थांबला. बहिष्कार टाकणारा वस्तीत पाऊल कसा टाकेल? मास्तर मायपुढं उभा राहून म्हणाला, "बाई, थोडं पाणी पाहिजे. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"कुणाच्या गावाच्या?" माय म्हणाली.

"असं काय करता? तुमच्याही."

"आमचं गाव असतं तर आमची विहीर असती. नाय. जा."

सरपंच पलीकडून ओरडला, "अगं, रेल्वेचंच पाणी हाय ते! चोरून भरलंय, द्यायला काय झालं?" मग माय अशी फिरली त्याच्याकडं! म्हणाली, "चोरलंय म्हणता? या की मग इकडं, हात लावून उचला हंडा. या!" सरपंच काही आला नाही. आमच्या पाठीमागं सगळ्या बाया उभ्या होत्या आणि कुणीही जागची हलत नव्हती. मला वाटलं, छान झालं. मरू दे इंजिन. जाऊ दे ओढत.

मग चाचा आला. तो सरळ रूळ ओलांडून वस्तीत आला, मायच्या दारातल्या दगडावर बसला, टोपी काढली. मग म्हणाला, "बहन, झूठ नै बोलता. ये पानी तुमकू वापस नै मिलता. मेरे हाथ में कुछ नै. कल से मैं भी घर बैठता. लेकिन मेरी जिंदगी इसके ऊपर गई. उसकू खींच के ले जाते देखना मेरे से नै होता."

माय हंड्याकडं वळली. मी तिचा दंड धरला. "माय, नको," म्हटलं, "उद्या आपण काय पिणार?" ती म्हणाली, "इतकी वर्षं यानं चाक सैल ठेवलं, ते काय आपल्याकडून काही मिळंल म्हणून?" मग तिनं मास्तरला हाक मारली, साहेबांनाही ऐकू जाईल अशी. "पाणी देतो. पण आम्हाला एक नळ द्यायचा. बोला, सगळ्यांपुढं बोला."

साहेब लांबूनच हात हलवून म्हणाले, "हो हो, देऊ, देऊ. का नाही? लगेच देऊ." सगळ्यांनी ऐकलं. सरपंचानं ऐकलं, मेंढरंवाल्या म्हातारीनं ऐकलं, मी ऐकलं.

बायांनी रांग लावली. घरातून रुळापर्यंत, रुळापासून इंजिनापर्यंत. हंडा या हातातून त्या हातात. माय पदर खोचून इंजिनामागच्या डब्यावर चढली, लोखंडी शिडीवरून, आणि फायरमनच्या शेजारी उभी राहून एकेक घागर डब्यात पालथी करायला लागली. अख्खा गाव खाली उभा, आणि माझी माय वर उभी राहून पाणी ओतत होती. आमच्यातली एक थट्टेखोर वहिनी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, बाटलं की गं इंजिन! आता गावकऱ्यांनी बसायचं नाय त्यात!" रांगेतल्या बाया हसून हसून लोटपोट झाल्या, हंडे हिंदकळले. गावातल्या बायाही तोंडाला पदर लावून हसल्या, ते मी पाहिलं.

माझ्याच घरचा रांजण शेवटी गेला. चाचानं डब्यात डोकावून बघितलं आणि "बस" म्हणाला. खाली उतरलेल्या मायपुढं त्यानं कपाळाशी हात नेऊन सलाम केला, आणि इंजिनात चढला.

आणि आता ते ऐका, ज्यासाठी माझं रक्त अजून तापतं. इंजिन निघायच्या आधी साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "ऐन वेळी या गावानं जे औदार्य दाखवलं, ते रेल्वे कधी विसरणार नाही." आणि शाल-श्रीफळ कुणाला? सरपंचाला! आमच्या बायांचे पदर ओले, पायाखाली चिखल, हातात रिकामे हंडे, आणि सरपंच शाल पांघरून फोटोला उभा. त्याला लाज वाटली का? छे! त्यानं नारळ छातीशी धरून मान झुकवली. मी पुढं जाणार होते, खरंच जाणार होते, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडं गेलं.

लोक रडले. शहरातून आलेले, कॅमेरे गळ्यात अडकवलेले सद्गृहस्थ डोळे पुसत होते. एक जण मला म्हणाला, "एका युगाचा अंत झाला हो." मी म्हटलं, "तुमचं युग संपलं. आमचं पाणी संपलं." त्याला काही कळलं नाही. वाफेवर असं रडणारी माणसं मला आजही भेटतात. त्यांना शिट्टी आठवते, धूर आठवतो. त्या धुराखाली कोण राहायचं ते त्यांना विचारा, बघा काय सांगतात.

कमान उतरायच्या आतच माय मास्तरकडं गेली. "नळ कुठं देता?"

मास्तर खुर्चीवर अवघडून बसला. "बाई, पंपच बंद आहे. नळात येणार काय?"

"साहेब हो म्हणाले."

"साहेब असं म्हणतात. वरून लेखी यावं लागतं."

माय जोरात ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. घरी आली, तहानलेल्या लेकरांकडं बघितलं. कुणाच्याच घरात थेंब नव्हता. मागं पाईपातून कारखान्यांचं पाणी पळत होतं, आमच्या चुली थंड होत्या. गडी अजून मोर्च्यातून परतले नव्हते. तिनं घागर घेतली, नुसती हातात नाही, कमरेवर घेतली, आणि निघाली. मी विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "पाण्याला."

ती विहिरीकडं निघालीय हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. मी तिच्या मागं, आणि माझ्या मागं एकेक करत दुपारच्या रांगेतल्या सगळ्या. दिवस कलला होता. विहिरीवर गावातल्या बाया होत्या, कट्ट्यावर माणसं होती, सरपंच शाल खांद्यावर टाकून दुपारची हकिकत रंगवून सांगत होता. आम्हाला बघून त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

माय पायऱ्यांखाली थांबली नाही. चढली. मी बघत होते की आता कोण अंगावर येतंय. कट्ट्यावरचा एक जण उठला, पण दुपारी सगळ्या गावानं, साहेबानं, कॅमेरेवाल्यांनी जे बघितलं होतं ते त्यालाही आठवत असणार. तो उभाच राहिला. पुढं आली ती मेंढरंवाली म्हातारी. धावत आली बिचारी, धापा टाकत. तिनं मायच्या आधी दोर धरला.

"अगं, मी ओतते की गं!" ती म्हणाली. "तू कशाला चढतीस? मी देते, खाली हो. कितीबी देते. ऐक माझं."

खरं सांगते, त्या सरपंचापेक्षा त्या वेळी मला तिचा राग आला. बहिष्कारात गप्प राहिली ती आज धावत आली, कशासाठी? आम्हाला पाणी मिळावं म्हणून नाही. आम्ही ते आपल्या हातानं काढू नये म्हणून. आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. तिला वाटत होतं ती आमचं भलंच करतेय.

माय म्हणाली, "मावशी, लई वर्षं ओतलं तुम्ही. आता दोर सोडा."

म्हातारीनं दोर सोडला नाही. माय ओढायला लागली. म्हातारीचे हात दोरावर, मायचेही हात त्याच दोरावर, कुणीच सोडेना. असाच पोहरा खाली गेला, बुडाला, असाच वर आला. मग म्हातारीनं हात काढले आणि ती पदर तोंडाला लावून घरात गेली. मायनं घागर भरली. मी भरली. मागच्या सगळ्यांनी भरल्या. घरी येऊन लेकरांना पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीची सून मेंढरं घेऊन रुळाच्या कडंनं चालली होती. तिनं मायला बघून आजूबाजूला नजर टाकली आणि हळूच सांगितलं, "काकू, वाईट वाटून घेऊ नगा. सासूबाईंनी काल सांजच्याला डोईवरून अंघोळ केली. लुगडंबी धुतलं. तुमचा हात दोराला लागला व्हता ना."

मला वाटलं, आता माय कोसळेल. जिनं तिच्या बाळंतपणात दूध पाठवलं ती बाई! पण मायनं विचारलं, "अंघोळीला पाणी कुठलं घेतलं तिनं?"

सून गोंधळली. "विहिरीचंच की. दुसरं कुठलं हाय?"

"आम्ही भरून आल्यावर काढलेलं?"

"व्हय."

"बरं," माय म्हणाली, आणि घरात जाऊन दोन्ही घागरी घेऊन विहिरीवर गेली.